पाऊणपट विसरली, कारण छातीत

लकवा झालेला माणूस नंतर विसरायला लागला की आमच्या मालवणात लोक म्हणतात, वय झालं, चालायचंच. मला हे अजिबात पटत नाही. आमचे एक काका जाळं विणता विणता तिथीची पाऊणपट करून भरती सांगायचे, चतुर्थी म्हणजे चाराची पाऊणपट, भरती तीनला. वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात गेला, हात बराचसा परत आला पण पाऊणपट नाही आली, तिथी सांगतात आणि पुढे गप्प बसतात. उजवा हात म्हणजे डावा मेंदू, आणि बहुतेकांचा हिशोब न् भाषा तिथेच असते.

पण मूळ दुखणं छातीत होतं, एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे एका दमात आकसत नाहीत, मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात. आता डाव्या वरच्या कप्प्याला अंगठ्याएवढी एक पिशवी लटकलेली असते, लेफ्ट एट्रियल अपेंडेज. कप्पा नीट आकसला की तिच्यातलं रक्त खेळतं राहतं, नुसता थरथरला की खाडीच्या बंद कोपऱ्यातल्या पाण्यासारखं साचतं, आणि साचलेलं रक्त गोठतं. झडपा चांगल्या असतील तर या आजारातल्या १० पैकी ९ गुठळ्या याच पिशवीत होतात. तिथून सुटलेली गुठळी महाधमनीतून मानेत, मानेतून मेंदूत जाऊन अडकते. म्हणून स्ट्रोकचा, म्हणजे लकवा आणणाऱ्या मेंदूच्या झटक्याचा, धोका जवळपास पाचपट. बारीक गुठळ्या तर हातपाय न लुळावता मेंदूत ठिकठिकाणी डाग पाडतात, ते एमआरआयमध्येच दिसतात, आणि विसराळूपणा तसा हळूहळू वाढत जातो.

लकव्यावर कबुतराचं रक्त चोळणारे अजून आहेत, कृपा करून त्यात वेळ घालवू नका, पहिले साडेचार तास फार मोलाचे असतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी स्ट्रोक नक्की कमी होतात. त्या घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशही कमी दिसलाय, पण गोळीने स्मरणशक्ती वाचते असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तेवढा पुरावा अजून नाही. यातली वॉरफेरिन ही गोळी चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासत राहायचं आणि पालेभाजी एकदम सोडायची किंवा वाढवायची नाही.

काकांचा स्ट्रोकआधीचा ईसीजी नॉर्मल होता कारण हा बिघडलेला ताल येतो-जातो, नंतर २४ तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावून ठेवायच्या ईसीजी यंत्रात, सापडला. परवा मी त्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवून बसलो होतो, दोन ठोके घाईत, मग खंड, मग एक मोठा, मग तीन जवळजवळ. घरच्या म्हाताऱ्यांची नाडी अशी पूर्ण मिनिटभर धरून बघा, आणि ताल असा वेडावाकडा लागला तर डॉक्टरकडे होल्टरचं विचारा.