विमान रद्द झाल्यावरचा परतावा : खानदेशातील प्रवाशांचा हक्क

विमान कंपनीने उड्डाण रद्द केले, तर तिकिटाची पूर्ण रक्कम परत घ्यायची की दुसऱ्या विमानात जागा मागायची, हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा असतो. भारतात हा हक्क नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, दोन नियमांवर उभा आहे. पहिला २००८ सालचा, तिकिटाच्या परताव्याबद्दलचा. दुसरा २०१० सालचा. विमान रद्द होणे, उशीर होणे आणि तिकीट असूनही जागा नाकारली जाणे, या तिन्ही प्रसंगी कंपनीने काय करायचे ते त्यात सांगितले आहे. दोन्ही नियम पुढे बदलत गेले. २०१६ सालच्या दुरुस्त्या त्यांत महत्त्वाच्या. ‘बजेट’ किंवा स्वस्त विमान कंपनी असा वेगळा वर्ग या नियमांत नाही. पाण्याच्या बाटलीपासून खिडकीच्या जागेपर्यंत प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे घेणाऱ्या कंपनीलाही परताव्याच्या बाबतीत कसली सूट नाही. तिकीट ‘सेल’मध्ये घेतले होते, हे कारण कंपनीला पुढे करता येत नाही.

खानदेशातली विमानसेवा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमाने उतरतात ती एकट्या जळगावात. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, पण तिथून तिकीट काढून कुठे जाता येत नाही. जळगावचा विमानतळ २०१२ साली सुरू झाला, तरी विमानासाठी वाट पाहावी लागली ती ‘उडान’ योजना, म्हणजे लहान शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडण्याची केंद्र सरकारची योजना, येईपर्यंत. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने मुंबई–जळगाव सेवा सुरू केली. ती टिकली नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली. त्या कंपनीची सगळीच उड्डाणे २०२२ च्या सुरुवातीला थांबली. एप्रिल २०२४ पासून फ्लाय९१ ने गोवा आणि हैदराबाद, थोड्याच दिवसांत पुणेही जोडले. जूनमध्ये अलायन्स एअरचे मुंबईचे विमान सुरू झाले. दोन्ही कंपन्यांची विमाने एटीआर जातीची, पंख्यांची, सत्तरेक आसनांची.

ही सनावळी द्यायचे कारण असे, की परताव्याचा प्रश्न इथे मोठ्या शहरापेक्षा वेगळा येतो. मुंबई–दिल्ली मार्गावर एक विमान रद्द झाले तर तासाभरात दुसरे असते. जळगावहून एका गावाला एकच कंपनी जाते, तीही काही मार्गांवर रोज नाही. त्यामुळे ‘पर्यायी विमान’ या शब्दांचा अर्थ कधी कधी परवाचे विमान असा होतो. तोवर मुलाखत होऊन गेलेली असते किंवा लग्न लागलेले असते. म्हणून खानदेशी प्रवासी बहुधा पैसे परत घेतो आणि भुसावळहून रात्रीची गाडी पकडतो. नंदुरबारकडचे लोक तर आधीच सुरत गाठतात, शिरपूर-चोपड्याकडचे इंदूर. त्यांच्या तिकिटावर जळगावचे नाव नसले तरी नियम तेच लागू होतात.

परतावा वेगळा, भरपाई वेगळी

सगळा घोळ इथे आहे. परतावा म्हणजे आपणच भरलेले पैसे. विमान पावसाने रद्द होवो, संपाने होवो, वैमानिक न मिळाल्याने होवो, ते परत मिळालेच पाहिजेत. कारणाचा इथे संबंध नाही. भरपाई म्हणजे गैरसोयीबद्दल कंपनीने वरून द्यायची रक्कम. ती कारणावर आणि कळवण्याच्या वेळेवर ठरते. पूर, दंगल, संप, हवामान, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर भरपाई नाही. काउंटरवरचा माणूस “हवामानामुळे रद्द झालं, काही मिळणार नाही” असे म्हणतो, तेव्हा त्यातले अर्धेच खरे असते. भरपाई मिळणार नाही, पण परतावा मिळणारच. हा फरक माहीत नसल्याने लोक गप्प घरी जातात, आणि कंपन्यांनाही तो समजावून सांगायची घाई नसते.

कळवण्याची मुदत अशी : विमान रद्द करायचे तर कंपनीने शक्यतो दोन आठवडे आधी सांगावे. ते जमले नाही तर निदान सुटण्याच्या वेळेआधी २४ तासांपर्यंत सांगून परतावा किंवा पर्यायी विमान द्यावे. यातले प्रवाशाला जे पटेल ते. त्याहून उशिरा कळवले आणि कारण हाताबाहेरचे नसेल, तर परताव्याशिवाय भरपाईही देणे लागते. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्यापुढे १०,००० रुपये. किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते.

‘जे कमी असेल ते’ या चार शब्दांत स्वस्त तिकिटाची गोम आहे. समजा, तासाभराच्या उड्डाणाचे तिकीट २,६०० रुपयांना काढले आणि त्यात मूळ भाडे नि इंधन शुल्क मिळून १,९०० होते. बाकीचे ७०० कर आणि विमानतळाची शुल्के. विमान ऐनवेळी रद्द झाले, तर परतावा २,६०० आणि भरपाई १,९००. पाच हजारांचा आकडा वर्तमानपत्रात वाचून गेलेला माणूस इथे चिडतो. उडान योजनेत सुरुवातीला सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी निम्म्या आसनांचे भाडे २,५०० रुपयांवर बांधले होते. म्हणजे त्या आसनावरच्या प्रवाशाला ५,००० ची भरपाई मिळणे हिशेबातच बसत नव्हते. स्वस्त तिकिटाला स्वस्त भरपाई हे तत्त्व म्हणून पटवता येईल, पण वाया गेलेला दिवस सगळ्यांचा सारखाच असतो, हेही खरे.

विमान रद्द न होता नुसते लांबले, तरी काही हक्क मिळतात. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर प्रवाशाला पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की चहा-नाश्ता किंवा जेवण देणे कंपनीवर बंधनकारक आहे. जळगावच्या छोट्या टर्मिनलमध्ये ते मागावेच लागते. आपण होऊन येईल या भरवशावर राहू नये.

पैसे किती दिवसांत

क्रेडिट कार्डावर घेतलेल्या तिकिटाचे पैसे सात दिवसांत परत आले पाहिजेत. कंपनीच्या कार्यालयात रोख भरले असतील तर लगेच, त्याच कार्यालयातून. एजंट किंवा प्रवास संकेतस्थळामार्फत घेतले असेल तरी जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी मानला आहे. २०१६ च्या नियमात त्यासाठी ३० कामकाजाचे दिवस दिले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने काढलेल्या मसुद्यात ही मुदत २१ कामकाजाच्या दिवसांवर आणण्याचे सुचवले. रोख पैशांऐवजी पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवायची सोय, म्हणजे ‘क्रेडिट शेल’, घ्यायची की नाही हे प्रवासीच ठरवतो. कंपनीला ती परस्पर माथी मारता येत नाही. मोबाइलवर येणाऱ्या संदेशात मात्र क्रेडिट शेलचे बटण ठळक असते आणि परताव्याची ओळ खाली बारीक; घाईत वरचेच बोट दाबले जाते.

एजंटाकडून तिकीट काढण्याची सवय खानदेशात अजून पक्की आहे. केळी-कापसाच्या व्यापारातली माणसे, वर्षातून एकदा मुलाकडे बंगळुरूला जाणारे आई-वडील, सगळे ओळखीच्या दुकानात जाऊन तिकीट छापून आणतात. यात गैर काही नाही, एक गोष्ट सोडून. बुकिंग करताना एजंट पुष्कळदा प्रवाशाच्या मोबाइल क्रमांकाच्या जागी स्वतःचा टाकतो. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश मग दुकानातल्या फोनवर जातो, दुकान रविवारी बंद असते, आणि प्रवासी सामान घेऊन विमानतळावर पोचतो. नियमात स्पष्ट आहे, की प्रवाशाने पुरेशी संपर्क-माहिती दिली नसेल तर भरपाई देणे लागत नाही. एका चुकीच्या दहा आकड्यांनी हक्क जातो. परतावाही त्याच वाटेने, एजंटाच्या खात्यात येतो. “भाऊ, पैसे आले का?” म्हणून चार फेऱ्या मारण्याआधी कंपनीला पीएनआर सांगून रक्कम कोणत्या तारखेला, कोणाच्या खात्यात वळवली ते विचारावे. एजंट किंवा संकेतस्थळ आपले सेवा शुल्क वेगळे घेते. ते परत येईलच असे नाही.

दोन तिकिटांचा प्रवास

जळगावहून मुंबई किंवा हैदराबाद आणि तिथून पुढे दुबई किंवा दिल्ली असा प्रवास करणारे दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे काढतात, कारण तसे स्वस्त पडते. पहिले विमान रद्द झाले तर त्याचे पैसे परत मिळतात, पण चुकलेल्या दुसऱ्या विमानाचे काय? नियमात भरपाई आहे ती एकाच तिकीट क्रमांकावर नोंदवलेल्या जोडविमानासाठी. वेगळे तिकीट असेल तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी नुसता आलाच नाही, म्हणजे ‘नो-शो’. तेव्हाही विमानतळ वापर शुल्कासारखी शुल्के आणि सरकारी कर परत मागता येतात. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असले तरी ही रक्कम परत मिळते, फक्त मागणारे थोडे. परदेशचे विमान असेल तर आदल्या दिवशी रेल्वेने मुंबई गाठणे, ही इकडची जुनी रीत अजून तरी शहाणपणाची आहे.

कंपनीच बंद पडली तर

परताव्याचा हक्क कंपनी चालू असेपर्यंतच बळकट असतो. जेट एअरवेजने एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्टने मे २०२३ मध्ये उड्डाणे थांबवली. गो फर्स्ट दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, जानेवारी २०२५ मध्ये ती गुंडाळण्याचा आदेश झाला. अशा वेळी तिकीटधारक बँकांच्या मागे, विनातारण धनकोंच्या रांगेत उभा राहतो. सात दिवसांचा नियम तिथे कागदावर राहतो. कार्डाने पैसे भरले असतील तर ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम उलट फिरवून, मागण्याचा मार्ग उरतो. रोख भरणाऱ्याला तोही नाही.

करोनाच्या टाळेबंदीत प्रश्न देशभराचा झाला. कंपन्या क्रेडिट शेल देत होत्या, लोकांना पैसे हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला : टाळेबंदीच्या काळात, टाळेबंदीतल्याच प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे तत्काळ परत करावेत, आधी काढलेल्या तिकिटांबाबत अडचणीतल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंतचे क्रेडिट शेल चालेल, पण त्यात दरमहा वाढ द्यावी. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी अपुरी पडल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने अडकलेले परतावे ७ डिसेंबरच्या रात्री ८ वाजेपर्यंत देण्याचा आदेश काढला. कंपनीने त्या मुदतीत ६१० कोटी रुपये परत केल्याचे जाहीर झाले. सरकारने मनावर घेतले तर पैसा दिवसांत परत येतो, एवढे त्यातून दिसले.

तक्रार

आधी विमान कंपनीकडे लेखी तक्रार करावी. फोनवरचे बोलणे पुरावा म्हणून टिकत नाही. रद्द करण्याचे नेमके कारणही लेखीच मागावे, कारण ‘ऑपरेशनल कारण’ या गोल शब्दांत हाताबाहेरचे काही असते असे नाही. कंपनीचा नोडल अधिकारी, म्हणजे तक्रारी पाहणारा अधिकारी, आणि त्यावरचा अपील अधिकारी यांची माहिती तिच्या संकेतस्थळावर असते. तिथे काम झाले नाही तर मंत्रालयाचे ‘एअरसेवा’ पोर्टल आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. पूर्वी कंपनीचे कार्यालय दिल्ली-गुरुग्रामला म्हणून लोक नाद सोडत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली, त्यामुळे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि अर्ज ऑनलाइनही भरता येतो. तिकीट, बोर्डिंग पास असल्यास तो, रद्द झाल्याचा संदेश, त्या दिवशी केलेल्या पर्यायी प्रवासाची पावती आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार एवढी कागदे जोडावीत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते.