रोख दिली की दारूत जाते?

‘हातात पैसे दिले की थेट गुत्त्यावर!’ शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांबद्दल ठाण्यात बसून हे सर्रास बोललं जातं. खोटं आहे. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये निरनिराळ्या देशांतले १९ अभ्यास पडताळले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. केनियात तर अनेक कुटुंबांनी गवती छप्पर काढून पत्रे घातले, पुन्हापुन्हा शाकारायचा खर्च वाचला.

आपल्याकडे पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये, तेही तीन हप्त्यांत. पेरणीच्या तोंडावर आलेले दोन हजार भाताचं बियाणं, युरियाची गोणी यांतच संपतात. उडवायला उरतं काय? तक्रारच करायची तर ही करा: खंडाने जमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, त्याला हा हप्ता मिळतच नाही.