व्हॅक्युम घ्यावा की डस्ट कलेक्टर?

मोटर, पाइप आणि भुसा साठवायला डबा किंवा पिशवी. वर्कशॉपचा व्हॅक्युम आणि डस्ट कलेक्टर दोन्ही वरवर सारखेच दिसतात, म्हणून घरी सुतारकाम करणारे बरेच जण ज्याचा हॉर्सपॉवर जास्त ते यंत्र उचलून आणतात. इथेच घोळ होतो.

व्हॅक्युमचं काम शहाळ्यात घातलेल्या नळीसारखं: तोंड बारीक, ओढ जबर. पाणी ६०-८० इंच वर चढेल इतकी ही ओढ असते, पण मिनिटाला हवा खेचली जाते ती साधारण १०० ते १५० घनफूट. डस्ट कलेक्टरचा पंखा मोठा आणि पाइप ४ इंची. त्याची ओढ १० इंचांच्या आसपास, हवा मात्र मिनिटाला कित्येकशे घनफूट. (लेबलवरचा हवेचा आकडा बहुधा पाइप न जोडता मोजलेला असतो. प्रत्यक्षात बराच कमी धरा.)

ऑर्बिटल सँडरला, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राला, व्हॅक्युमच लागतो. पॉलिश पेपरच्या भोकांतून धूळ जागच्या जागी ओढायची, तर बारीक वाटेतून जोर लावणारं यंत्र हवं. त्याच सँडरला रिड्यूसर लावून डस्ट कलेक्टर जोडला, तर ४ इंचांवरून दीड इंचावर येताना वाट सातपट अरुंद होते आणि पंख्याचा दम तिथेच संपतो. टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) आणि थिकनेसर (फळी रंधून सारख्या जाडीची करणारं यंत्र) यांचं उलट आहे. पातं धूळ चहूकडे उडवतं, तिला हवेच्या मोठ्या लोंढ्यानेच गोळा करावं लागतं. थिकनेसरचे छिलके तर व्हॅक्युमचा डबा बघता बघता भरून टाकतात.

पण खरी काळजी डोळ्यांना दिसणाऱ्या भुशाची नाहीच. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १० मायक्रॉनच्या खालची धूळ हवेत तरंगत राहते आणि श्वासाबरोबर आत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. नाक आणि सायनसच्या कर्करोगाशी तिचा संबंध पक्का आहे.

म्हणून यंत्रापेक्षा फिल्टर आधी विचारा. स्वस्त डस्ट कलेक्टरची कापडी पिशवी ३० मायक्रॉनची असते. छिलके आत राहतात आणि नेमकी घातक धूळ पिशवीतून निसटून खोलीभर फवारली जाते. बंद खोलीत असं यंत्र चालवण्यापेक्षा ते बाहेर ठेवलेलं बरं, नाहीतर १ मायक्रॉनचा घडीदार कार्ट्रिज फिल्टर बसवावा. व्हॅक्युमला हेपा फिल्टर मिळतो, तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. पण आत कागदी पिशवी नसेल तर सँडिंगच्या धुळीने लगेच तुंबतो. मध्ये सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणारं भांडं) लावला की जड भुसा आधीच बादलीत पडतो.

फ्लॅटमधल्या एका खोलीत सँडर, जिगसॉ (वळणदार कापणारी छोटी करवत), राउटर (लाकडात खाचा पाडणारं यंत्र) एवढंच असेल, तर मी डोळे झाकून हेपावाला व्हॅक्युम घेईन. त्याची मोटर कर्कश असते, शेजाऱ्यांची दुपारची झोप सांभाळावी लागते. टेबल सॉ किंवा थिकनेसर आला की मग डस्ट कलेक्टरचा विचार.

दोन्ही असले तरी एन९५ मास्क सुटत नाही. नाकाला बांधलेल्या रुमालातून ही धूळ आरामात जाते. काम संपल्यावरही मास्क काही वेळ तसाच ठेवायचा, आणि फरशी झाडूने झाडायची नाही, व्हॅक्युमनेच ओढायची.