मानसशास्त्रातील संप्रदाय

मानसशास्त्रातील संप्रदाय : मानसशास्त्राने नेमके काय अभ्यासावे, कोणत्या पद्धतीने, आणि कोणते स्पष्टीकरण पुरेसे मानावे, या प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे देणाऱ्या परंपरा. संरचनावाद, कार्यवाद (मन कशासाठी काम करते, हे पाहणारा), वर्तनवाद (केवळ दिसणारे वर्तन अभ्यासणारा), समष्टिवाद (सुट्या घटकांऐवजी संपूर्ण मांडणीवर भर देणारा), मनोविश्लेषण, मानवतावाद आणि बोधनिक मानसशास्त्र (विचार, स्मृती यांसारख्या प्रक्रियांचा अभ्यास) हे प्रमुख होत. पहिल्या दोहोंना आज केवळ ऐतिहासिक महत्त्व उरले आहे.

प्रायोगिक मानसशास्त्राचा जन्म १८७९ मध्ये लाइपझिग येथे, व्हिल्हेल्म व्हुंट (१८३२–१९२०) यांच्या प्रयोगशाळेत झाला, असे पाठ्यपुस्तके सांगतात. हे साल सोयीचे आहे, निर्विवाद नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८७५ च्या सुमारास हार्व्हर्ड येथे अध्यापनासाठी उपकरणे मांडली होती. स्वतः व्हुंट यांनाही लाइपझिगला आल्यावर उपकरणांसाठी एक खोली मिळाली होती, आणि विद्यापीठाची रीतसर मान्यता १८८३ च्या सुमारासची दिसते. १८७९ च्या बाजूने सांगता येते ते एवढेच, की त्या हिवाळ्यात माक्स फ्रीडरिख या विद्यार्थ्याने प्रतिक्रियाकालावरील आपल्या प्रबंधाचे प्रयोग सुरू केले. खोली मिळणे आणि खोलीत संशोधन होणे यांत फरक केला, तर १८७९ ग्राह्य धरण्यास हरकत नाही. मात्र फेक्नर यांचा मनोभौतिकीवरील (उद्दीपक आणि संवेदना यांच्या मोजमापी संबंधावरील) ग्रंथ १८६० चा आहे. मोजमाप हाच निकष लावल्यास आरंभ जवळजवळ वीस वर्षे मागे जातो.

व्हुंट यांना ‘संरचनावादी’ म्हणण्याची प्रथाही तपासून घ्यावी लागते. हे नाव त्यांचे शिष्य एडवर्ड टिचनर (१८६७–१९२७) यांनी १८९८ मध्ये, कार्यवाद्यांपासून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी रूढ केले. संवेदनांचे सुटे घटक आत्मनिरीक्षणाने वेचून काढणे हा टिचनर यांचा कार्यक्रम. व्हुंट यांचा भर संकल्पशक्तीवर होता आणि भाषा, मिथक, रूढी या विषयांसाठी त्यांनी प्रयोगाऐवजी दहा खंडांचे लोकमानसशास्त्र लिहिले. शिष्याचे मत गुरूच्या नावावर खपले, असेच म्हणावे लागते.

संप्रदायांतील भेद सिद्धांतांपेक्षा रुग्णवृत्तांतांत चटकन दिसतो. लहान मुलाच्या भीतीची तीन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. व्हिएन्नातील पाच वर्षांचा हान्स घोड्यांना भिई. मनोविश्लेषणाचे प्रवर्तक फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये या भीतीचा अर्थ वडिलांविषयीची दडपलेली भीती, असा लावला. उपचार वडिलांनीच केले आणि त्या काळात फ्रॉइड त्याला एकदाच भेटले. वर्तनवादी वॉटसन व त्यांच्या सहकारी रेनर यांनी १९२० मध्ये अकरा महिन्यांच्या ‘अल्बर्ट’पुढे पांढरा उंदीर ठेवून त्याच्या पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा मारला. अशा सात जोड्यांनंतर आवाज नसतानाही मूल उंदीर पाहून रडू लागले. ही भीती घालवण्याचे मात्र राहूनच गेले. ते काम १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, सशाला भिणाऱ्या मुलावर केले : मूल खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणला.

पुढे १९६० मध्ये वर्तनवादी वोल्पे व रॅकमन यांनी हान्सचाच वृत्तांत पुन्हा वाचला. हान्सने प्रवासी गाडी ओढणारा घोडा रस्त्यात कोसळताना पाहिला होता. त्यांच्या मते भीतीसाठी तेवढे अभिसंधान (एका गोष्टीशी दुसरीची सांगड बसणे) पुरे. वडिलांना मध्ये आणण्याची गरज नाही. वृत्तांत तोच, निष्कर्ष उलटा. या वादात वर्तनवाद्यांची बाजू अधिक काटेकोर वाटते, पण घोडा पाहणारी सगळीच मुले भित्री का होत नाहीत, याचे उत्तर तिच्यातही नाही.

समष्टिवाद्यांचा आक्षेप वेगळा होता. या संप्रदायातील कोलर यांच्या टेनेरीफ बेटावरील अभ्यासात सुलतान नावाच्या चिंपँझीने दोन पोकळ बांबू एकमेकांत खोचून लांब काठी केली आणि गजांबाहेरचे केळे ओढून घेतले. यात चुकतमाकत शिकणे नाही, परिस्थितीची मांडणीच एकदम ‘दिसणे’ आहे, असा त्यांचा दावा. बोधनिक दृष्टिकोनाने हा धागा १९५६ नंतर माहितीप्रक्रियेच्या भाषेत उचलला. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये वर्तनवादी स्किनर यांच्या भाषाविषयक ग्रंथावर केलेली टीका निर्णायक मानली जाते. मॅस्लो व रॉजर्स यांच्या मानवतावादाचा प्रभाव प्रामुख्याने समुपदेशनावर आहे.

भारतात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये सुरू झाला. तेथील गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता. हान्सच्या विश्लेषणाचा आधार असलेली लिंगच्छेदभीती (वडील आपले लिंग कापतील ही मुलाची भीती) आपल्या भारतीय रुग्णांत युरोपीय रुग्णांइतकी ठळक आढळत नाही, असे त्यांनी त्यात कळवले होते. महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी रुजवली. घटना आणि भावना यांच्यामध्ये माणसाची समजूत असते, हे तिचे सूत्र.