महसूल कर्मचाऱ्यांचे मनोबल (मराठवाडा)

तलाठ्यापासून नायब तहसीलदारापर्यंतच्या महसूल कर्मचाऱ्यांची कामातली उमेद, खात्याविषयीची आपुलकी आणि वरिष्ठांवरचा भरवसा यांना मिळून मनोबल म्हणता येईल. पगार शासनाच्या एकाच तक्त्यानुसार होतो. तरीही एका तहसीलमध्ये माणसे हौसेने राबतात आणि शेजारच्या तहसीलमध्ये बदलीची वाट पाहत बसतात. ही नोंद छत्रपती संभाजीनगर महसुली विभागातील, म्हणजे मराठवाड्यातील ८ जिल्ह्यांपुरती आहे.

मनोबल खचण्याचे सर्वांत जुने कारण म्हणजे अतिरिक्त कार्यभार. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले, तरी रिकाम्या सजांचे (तलाठ्याकडे सोपवलेल्या गावांच्या गटांचे) दप्तर शेजारच्याच्याच गळ्यात पडते. सकाळी एका गावात फेरफाराची (जमिनीच्या नोंदीतील बदलाची) नोटीस, दुपारी दुसऱ्या गावात स्थळपाहणी आणि दोन्ही गावांत ‘तलाठी सापडतच नाही’ ही ओरड. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी राज्यभरातून १० लाखांहून अधिक अर्ज आले होते. मात्र नोकरी मिळवण्याची धडपड पाहून नोकरीतली उमेद मोजता येत नाही. संघटनांचे या बाबतीतले हत्यार नेमके आहे: अतिरिक्त सजांचा कार्यभार सोडायचा किंवा डिजिटल सहीचे डोंगल तहसीलमध्ये जमा करायचे.

मराठवाड्यात या ताणाला हवामानाची जोड आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तर सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने शिवारेच्या शिवारे पाण्याखाली गेली. दोन्ही टोकांना बांधावर महसूलचा माणूस असतोच. पीक नुकसानीचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. मदतीचे दर आणि निकष वर ठरतात, पैसे थेट बँक खात्यात जातात. पण ‘यादीत माझं नाव का नाही?’ हा प्रश्न गावात तलाठ्यालाच विचारला जातो. आधार जुळत नाही, ई-केवायसी राहिली, सर्व्हर बंद आहे, ही उत्तरे खरी असली तरी ऐकणाऱ्याला ती सबबच वाटते. अधिकार नसलेल्या गोष्टीचा जाब रोज द्यावा लागणे हा या नोकरीतला सर्वांत झिजवणारा भाग आहे.

वाळूचा धोका याहून उघड आहे. गोदावरीकाठच्या तालुक्यांत रात्री अवैध वाळू पकडायला गेलेल्या पथकांवर हल्ले आणि अंगावर वाहन घालण्याचे प्रकार घडले आहेत. लोकसेवकावरील हल्ल्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम १३२ आहे. कर्मचारी मात्र साहेबाला वेगळ्या कसोटीवर जोखतात: गुन्हा नोंदवताना साहेब स्वतः ठाण्यात आले, की फोनवर ‘बघून घ्या’ म्हणाले?

बदल्यांबाबत २००५ चा कायदा आहे. पदावधी साधारणपणे ३ वर्षांचा आणि सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, असे तो सांगतो. मुदतपूर्व बदलीला लेखी कारण लागते, पण ‘प्रशासकीय निकड’ हे कारण फारच लवचीक ठरते. अन्याय झाला असे वाटणारा कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जाऊ शकतो. वकिलाची फी आणि वरिष्ठांची नाराजी पत्करायची तयारी मात्र हवी.

श्रेयाचा प्रश्न वरवर पाहता छोटा वाटतो. पीएम-किसान योजनेत राबलो आम्ही आणि सत्कार कृषी विभागाचा झाला, या रागातून २०२१ मध्ये राज्यातील तलाठ्यांनी त्या कामावर बहिष्कार टाकला होता. याउलट, २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातील अभिलेखकक्षांत निजामकाळातील उर्दू आणि मोडी कागद जाणकारांच्या मदतीने चाळले गेले. काम किचकट होते, पण कशासाठी चालले आहे ते प्रत्येकाला ठाऊक होते.

उपायांची सरकारी यादी परिचयाची आहे: १ ऑगस्टचा महसूल दिन, उत्कृष्ट कर्मचाऱ्यांचे सत्कार, क्रीडा व सांस्कृतिक स्पर्धा. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यस्तरीय महसूल स्पर्धा नांदेडला झाल्या. अशा मेळ्यांत ओळखी वाढतात, साहेब मैदानात घाम गाळताना दिसतात, हा फायदा नाकारण्याचे कारण नाही. सजांचा भार त्याने हलका होत नाही. पदोन्नती रखडलेल्यांना १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगती योजनेचा आर्थिक लाभ मिळतो, खुर्ची तीच राहते.

१ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाकारल्याची सल वेगळी. त्याच मागणीसाठी १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यव्यापी संप झाला. नेमकी तेव्हाच मराठवाड्यात अवकाळी पावसासह गारपीट झाली आणि पंचनामे अडकून पडले. संप मिटल्यावर कर्मचाऱ्यांना आधी बांधावर जावे लागले.