नैराश्य उलटू नये म्हणून ध्यान

नैराश्यातून बऱ्या झालेल्या माणसाची धास्ती पूर्णपणे संपत नाही, कारण हा आजार उलटतो, आणि तो जितक्या वेळा येऊन गेला असेल तितकी पुन्हा येण्याची शक्यता वाढत जाते. पहिल्या वेळी बहुधा काहीतरी मोठे घडलेले असते: जवळच्या माणसाचा मृत्यू, नोकरी जाणे, संसार मोडणे. पुढेपुढे मात्र एखादी उदास संध्याकाळही पुरेशी ठरते. असे का होते, याचा शोध १९९०च्या दशकात कॅनडातील झिंडेल सीगल आणि ब्रिटनमधील मार्क विल्यम्स व जॉन टीसडेल हे तीन मानसशास्त्रज्ञ घेत होते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. ज्याला नैराश्य येऊन गेले आहे, त्याच्या मनात उदासपणा आणि स्वतःविषयीचे कठोर विचार यांची गाठ पक्की बसलेली असते. त्यामुळे साधा उदासपणा आला तरी ‘मी नालायक आहे’, ‘माझे काही होणार नाही’ हे जुने विचार जागे होतात; माणूस त्यांची कारणे शोधत तेच तेच उगाळत बसतो, त्याने उदासपणा वाढतो आणि वाढलेला उदासपणा आणखी तसेच विचार घेऊन येतो. हे चक्र सुरुवातीलाच ओळखता आले तर?

याचे उत्तर शोधताना ते अमेरिकेतील वूस्टर येथे जॉन काबाट-झिन यांच्याकडे पोहोचले. काबाट-झिन १९७९पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, जुनाट वेदनांनी त्रासलेल्या रुग्णांना बौद्ध परंपरेतील ध्यान धार्मिक चौकटीबाहेर शिकवत होते. श्वासावर लक्ष ठेवण्याचा हा सराव मराठी वाचकाला परका नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस याच आनापानाला दिलेले असतात. या तिघांनी ध्यानाची सांगड विचारांवर काम करणाऱ्या मानसोपचाराशी घातली आणि आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला. विचार खरा की खोटा, याचा वाद त्यात घातला जात नाही. विचार आला, तो विचार आहे हे लक्षात आले आणि लक्ष पुन्हा श्वासाकडे आणले, एवढेच शेकडो वेळा करायचे असते. मन भरकटणे हे येथे अपयश मानले जात नाही, कारण भरकटलेले मन ओळखणे हाच तर सराव आहे.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत १४५ जण सहभागी झाले होते. नैराश्य तीन किंवा अधिक वेळा येऊन गेलेल्यांपैकी नेहमीचेच उपचार घेणाऱ्या ६६ टक्के जणांचा आजार सुमारे वर्षभरात उलटला, तर हा अभ्यासक्रम केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. मात्र ज्यांना नैराश्य दोनदाच आले होते, त्यांना काही फायदा दिसला नाही. २००४ सालच्या दुसऱ्या, लहान चाचणीने हे कोडे बरेचसे उलगडले: आयुष्यात मोठा आघात झाल्यावर आजार उलटला, तेथे ध्यानाचा उपयोग फारसा झाला नाही, बाहेर विशेष काही न घडता मन आपोआप घसरले, तेथे तो सर्वाधिक झाला.

मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. कठीण काळात ध्यान करा, असे सरसकट सांगणाऱ्यांनी तो नीट वाचायला हवा. ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे किंवा ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला ‘डोळे मिटून बस’ असे सांगणे पुरेसे नाही आणि माणुसकीचेही नाही. त्याला माणसे, पैसा, विश्रांती आणि वेळ लागतो. आघाताला जोडून मन जे उगाळत राहते, त्या भागावर ध्यानाचे काम चालते.

ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वांत २००४पासून, वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी ही पद्धत सुचवलेली आहे. पुढे २०१५ साली ४२४ रुग्णांच्या चाचणीत तिची तुलना सतत चालू ठेवलेल्या नैराश्यविरोधी गोळ्यांशी झाली. दोन वर्षांत ध्यानाच्या गटात, जेथे गोळ्या हळूहळू कमी करण्यास मदत केली जात होती, ४४ टक्के जणांचा आणि गोळ्यांच्या गटात ४७ टक्के जणांचा आजार उलटला. म्हणजे ध्यान गोळ्यांपेक्षा सरस ठरले नाही, पण ज्यांना गोळ्या नकोत किंवा सोसत नाहीत, त्यांच्यासाठी एक विचारात घेण्याजोगा पर्याय पुढे आला. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. तो निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायला हवा.

या चाचण्यांतील माणसे ध्यान शिकायला आली, तेव्हा नैराश्याच्या तीव्र अवस्थेत नव्हती. ऐन भरात असलेल्या आजारात एका जागी शांत बसणे काहींना असह्य होते, आणि पूर्वी अत्याचार किंवा अपघात सोसलेल्यांच्या मनात डोळे मिटताच जुन्या आठवणी उसळून येऊ शकतात. अशा वेळी जबरदस्तीने बसू नये, जाणकार मानसोपचारतज्ज्ञाला गाठावे. तातडीने कोणाशी बोलायचे असल्यास केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.