ओवीपासून लोकगीतापर्यंत: आशियातील ख्रिस्ती लोकश्रद्धा आणि सेमिनरी

आशियात सामान्य ख्रिस्ती माणसाची भक्ती आणि सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकवले जाणारे ईश्वरविज्ञान यांच्यात आज जी दरी दिसते, ती सुरुवातीला एवढी रुंद नव्हती. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराणश्रवणाची सवय होती, हे ओळखून थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघातल्या इंग्रज धर्मगुरूने बायबलची कथा मराठी ओवीत बांधली आणि १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यातील राचोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्धच हुकूम काढला.

प्रॉटेस्टंट शिक्षणाची वाटही काहीशी अशीच वळली. बंगालमधल्या तेव्हाच्या डॅनिश वसाहतीत १८१८ मध्ये स्थापन झालेल्या सेरामपूर कॉलेजने पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान एकत्र शिकवण्याचा संकल्प केला होता. १८२७ मध्ये त्याला डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली. पदवीचे ईश्वरविज्ञान मात्र प्रामुख्याने इंग्रजीत रुजले. कॅथलिक सेमिनऱ्यांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) लॅटिनचा वरचष्मा होता.

लोकांची भक्ती या काळात थांबून राहिली नव्हती. मनिलातील कियापो येथे ९ जानेवारीला काळ्या नाझरेनची, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूच्या काळ्या मूर्तीची, मिरवणूक निघते, तेव्हा अनवाणी भाविक आपले रुमाल रथावरच्या माणसांकडे भिरकावतात; ते मूर्तीला पुसून परत फेकले जातात आणि घरी नेऊन जपले जातात. त्या रुमालाला सेमिनरीच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत बराच काळ जागा नव्हती. असलीच तर अंधश्रद्धेच्या रकान्यात.

बदलाची भाषा १९७२ मध्ये आली. तैवानचे शोकी को ज्याचे संचालक होते, त्या ईश्वरविज्ञान शिक्षण निधीने ‘संदर्भीकरण’ हा शब्द पुढे आणला: सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, त्या त्या समाजाच्या वर्तमान स्थितीत समजून घ्यावी. त्याच दशकात दक्षिण कोरियात आन ब्युंगमू आणि सो नामदोंग यांनी पिचलेल्या जनतेचे, म्हणजे ‘मिनजुंग’चे ईश्वरविज्ञान मांडले, १९७५ मध्ये हुकूमशाहीच्या दबावाखाली दोघांच्याही प्राध्यापकी गेल्या. गंमत अशी, आणि ती बोचरीही आहे, की खेड्यातून सोलला आलेले कितीतरी कष्टकरी या विचारवंतांकडे न जाता १९५८ मध्ये एका तंबूत सुरू झालेल्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळीकडे वळले. तिथे त्यांना आजार बरे होण्याची आणि पोटापाण्याची प्रार्थना त्यांच्याच शब्दांत करता येत होती.

या दरीचा प्रश्न गाण्यातून सोडवू पाहणारे एक नाव म्हणजे थिऑफिलस अप्पावू. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या मदुराईच्या तमिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकवताना त्यांनी उपासनेची गीते तमिळ लोकसंगीतात बांधली. कर्नाटक संगीतही भारतीयच होते. पण ते उच्चवर्णीयांच्या अंगणातले, आणि त्यांच्यासमोरची दलित ख्रिस्ती मंडळी त्या अंगणाबाहेरची, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले.